छोटी हॉलिडे एअरलाइन कमावते कशी, आणि ऑक्टोबरच्या तोंडावरच का बुडते

प्रश्न इंग्लंडमध्ये रेडिंगला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचा आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस तिथल्या शाळांना आठवड्याची सुट्टी असते, त्यात त्यांना स्पेनच्या टेनेरिफे बेटावर जायचंय. चार-पाच विमानांवर चालणाऱ्या एका छोट्या हॉलिडे एअरलाइनचं पॅकेज मोठ्या कंपन्यांपेक्षा चौघांमागे तीनशे पौंडांनी स्वस्त पडतंय. इतक्या लहान कंपन्या चालतात कशा, एका रात्रीत बुडतात कशा आणि आपले पैसे अडकायची भीती किती, असं त्यांनी विचारलंय. शिवाय नाशिकहून त्यांच्या वडिलांनी एक प्रश्न जोडलाय: अशी एअरलाइन आपल्याकडे का नाही?

मी या धंद्याच्या दोन्ही टोकांना काम केलंय. आधी गोव्यात दाबोळी विमानतळावर युरोपातून येणारी चार्टर, म्हणजे सहलींसाठी अख्खी ठरवलेली, विमानं हाताळायची, नंतर इंग्लंडमध्ये एका हॉलिडे एअरलाइनचं वेळापत्रक बसवायचं. त्यामुळे उत्तर लांबणार. बुकिंगची घाई असेल तर शेवटचे चार परिच्छेद आधी वाचा आणि मग सवडीने वर या.

अशा एअरलाइनचं खरं गिऱ्हाईक तुम्ही नाही. तिचं गिऱ्हाईक म्हणजे टूर ऑपरेटर, सहलीची पॅकेजं विकणारी कंपनी. लग्नाच्या वऱ्हाडासाठी अख्खी एसटी ठरवतात, मग माणसं चाळीस येवोत की पंचवीस, गाडीचं भाडं तेवढंच. तसा टूर ऑपरेटर अख्खं विमान किंवा त्यातल्या ठरावीक सीट्स पूर्ण हंगामासाठी उचलतो. १८९ सीटचं बोइंग ७३७-८०० असेल तर १२० सीट्स एकाच्या, ४० दुसऱ्याच्या आणि उरलेल्या एअरलाइन स्वतः सुट्या विकते, अशी वाटणी असते. उचललेली सीट रिकामी गेली तर नुकसान उचलणाऱ्याचं. एअरलाइनने सुट्या विकायला ठेवलेली सीट रिकामी गेली तर नुकसान तिचं. छोटी एअरलाइन किती सुरक्षित आहे हे मला कुणी विचारलं तर मी विमानांचा आकडा विचारत नाही, ही वाटणी विचारतो.

हा हिशोब जुना आहे. १९५० च्या मे महिन्यात व्लादिमिर राइट्झ या तरुणाने लंडनहून कॉर्सिका बेटावरच्या काल्वीला पहिली अशी सहल नेली. जुनं डीसी-३ विमान, किनाऱ्यावर तंबूत मुक्काम, जेवणखाण धरून ३२ पौंड १० शिलिंग. नुसत्या विमानाचं नीसपर्यंतचं नेहमीचं भाडंच त्याच्या दुपटीहून जास्त होतं. त्याला हे परवडलं ते विमान अख्खं घेऊन सगळ्या सीट्स भरायच्या ठरवल्यामुळे. सरकारी परवानगीत मेख होती: पहिल्या हंगामात फक्त विद्यार्थी आणि शिक्षकच नेता येतील. सरकारी विमान कंपनीचा धंदा जपायची काळजी तेव्हा तिकडेही होती.

आता वेळापत्रकाकडे येतो. विमान जमिनीवर उभं असताना भाडं खातं आणि हवेत असताना कमावतं, म्हणून हॉलिडे एअरलाइन उन्हाळ्यात ते पिळून घेते. आमच्याकडे एका विमानाच्या दिवसाला डब्ल्यू पॅटर्न म्हणत. पहाटे सहाला लंडनच्या गॅटविकहून स्पेनमधलं पाल्मा, बाराच्या आत परत. एकला पोर्तुगालमधलं फारो, संध्याकाळी परत. आणि शुक्रवार-शनिवार असेल तर रात्री दहाला पुन्हा एक फेरी, जी उजाडताना उतरते. कागदावर सुंदर दिसतं. पण सकाळच्या फेरीत पाल्माला सामानाच्या दाराचं कुलूप अडकलं आणि दीड तास गेला, की तो दीड तास दिवसभर पुढे सरकत राहतो. दुपारचा स्लॉट, म्हणजे उड्डाणासाठी नेमून दिलेली वेळ, हुकतो, नवा स्लॉट चाळीस मिनिटांनी मिळतो, संध्याकाळी क्रूचे कामाचे तास संपतात, आणि रात्रीच्या फेरीला घरी झोपलेल्या कुणाला तरी फोन जातो. ब्रिटिश एअरवेजला असं झालं तर ती दुसरं विमान लावते. चार विमानांच्या कंपनीत उन्हाळ्यात चारही उडत असतात. पाचवं विमान राखीव ठेवायचं तर त्याचं भाडं वर्षभर भरायचं, आणि तेवढी चरबी कुणाच्याच अंगावर नसते.

त्यात भरपाईचा कायदा आहे. युरोपात २००५ पासून आणि आता ब्रिटनच्या स्वतःच्या नियमांत, विमान तीन तासांहून जास्त उशिरा पोचलं आणि दोष एअरलाइनचा असला तर टेनेरिफेएवढ्या अंतराला माणशी ३५० पौंड द्यावे लागतात. १८९ जणांनी मागितले तर ६६,१५० पौंड. त्या एका फेरीचा सगळा नफा आणि वर पुढच्या कित्येक फेऱ्यांचा. म्हणून हल्ली या कंपन्या उशीर दिसताच दुसऱ्या कंपनीचं विमान क्रूसकट दिवसापुरतं भाड्याने आणतात. तुम्ही विमानतळावर पोचता आणि समोर भलत्याच नावाचं, रंग उडालेलं विमान उभं असतं, ते यामुळे. घाबरायचं कारण नाही, पण असं वारंवार होत असेल तर ती कंपनी पैसे जाळते आहे हे ओळखावं.

आता बाहेरच्यांना सहसा माहीत नसलेली गोष्ट: रिकामी फेरी. ती मी दाबोळीवर पाहिली म्हणून मला नीट समजली. हंगामातलं पहिलं चार्टर भरून यायचं. पर्यटन खात्याची माणसं हार घेऊन उभी, फोटो, बाहेर बसेस, प्रत्येक बसजवळ हॉटेलांच्या याद्या घेतलेले टूर ऑपरेटरचे रेप, म्हणजे प्रतिनिधी. त्या गडबडीत कुणाचं लक्ष जात नसे, पण प्रस्थानाच्या बाजूला चेक-इनचे काउंटर बंदच असत. परत न्यायला माणसंच नव्हती. आदल्या आठवड्यात कुणी आलेलंच नव्हतं. सामान उतरलं, कॅबिन झाडली, इंधन भरलं, आणि मी कॅप्टनकडे लोडशीट, म्हणजे प्रवासी आणि वजनाचा तक्ता, घेऊन गेलो तर प्रवाशांच्या रकान्यात शून्य. तीनशेच्या आसपास सीट्सचं विमान दहा तास रिकामं उडत इंग्लंडला परत. हंगामाच्या शेवटी उलटं: येताना रिकामं, जाताना भरलेलं.

ही उधळपट्टी नाही, गणित आहे. समजा हंगामात आठवड्याला एक अशा २६ फेऱ्या आहेत आणि प्रत्येक पाहुणा १४ रात्री राहतो. पहिली दोन विमानं परत जाताना रिकामी, शेवटची दोन येताना रिकामी. म्हणजे २६ फेऱ्यांचे पैसे भरून पाहुण्यांच्या तुकड्या २४. प्रत्येक सीटवर सुमारे आठ टक्के जास्तीचा बोजा. आता हंगाम आखडून १२ फेऱ्यांचा करा: तुकड्या दहाच, आणि बोजा २० टक्के. म्हणून टूर ऑपरेटर हंगाम लांबवायची धडपड करतो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, पावसाची सर अजून येत असताना, गोव्यात पहिलं चार्टर उतरायचं ते त्यासाठी. आणि व्हिसा, कर किंवा विमानतळाच्या वेळांमुळे हंगामाची दोन्ही टोकं कापली गेली, की मधल्या फेऱ्यांचंही गणित बिघडतं. गोव्यातले हॉटेलवाले दरवर्षी व्हिसाच्या दरावरून ओरडतात तेव्हा त्यांना हे नेमकं ठाऊक असतं.

मग थंडीत ही विमानं गोव्यात येतातच का? ऊन, किनारा, स्वस्त बिअर हे झालं पाहुण्याचं कारण. एअरलाइनचं कारण वेगळं आहे, आणि माझ्या मते या धंद्यातलं तेच मुख्य: हिवाळ्यात युरोपात विमानाला काम नसतं. मे ते सप्टेंबर पाल्मा, दालामान, कोर्फू यांना विमानं पुरत नाहीत. नोव्हेंबरात तीच ठिकाणं बंद होतात, हॉटेलांच्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या असतात. उन्हासाठी उरतात कॅनरी बेटं, थोडं इजिप्त, आणि लांबची ठिकाणं: गाम्बिया, कॅरिबियन, गोवा. जर्मनीच्या काँडॉर एअरलाइनने १९८५ मध्ये गोव्यात पहिलं चार्टर आणलं तेव्हापासून हेच सूत्र आहे. पुढे ब्रिटिश आले आणि कळंगुट-कांदोळीला रुजले, मग रशियन आले आणि मोरजी-हरमलच्या पाट्याच बदलल्या. लांब पल्ल्याची नसलेली विमानं आखातात इंधनाला थांबून यायची, पण यायची. कारण उभं राहण्यापेक्षा उडणं स्वस्त.

दाबोळीचा विमानतळ नौदलाचा, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार सकाळचे काही तास सरावासाठी राखीव. युरोपातल्या रात्रीच्या बंद वेळा, इथला नौदलाचा सराव आणि हॉटेलातली खोली रिकामी व्हायची वेळ, या तिन्हींत बसणारी एकच फट उरायची, आणि ती सगळ्यांनाच हवी असायची. जानेवारी २०२३ पासून मोप्याचा विमानतळ सुरू झाला आणि ही एक अडचण तरी सुटली.

आणखी एक वाट म्हणजे विमान हिवाळ्यापुरतं दुसऱ्याला देणं. कॅनडातल्या लोकांना हिवाळ्यात मेक्सिको आणि क्युबाला पळायचं असतं, म्हणून सनविंगसारखी कंपनी हिवाळ्यात युरोपातली विमानं घेत असे आणि उन्हाळ्यात आपली तिकडे पाठवत असे. भारतातही हे घडतं. तुर्की आणि युरोपातल्या हॉलिडे एअरलाइन्सची ७३७ विमानं, पायलटांसकट, काही हिवाळ्यांत स्पाइसजेटसाठी उडाली आहेत. दिवाळीनंतर मुंबईहून उडताना कॅप्टनच्या घोषणेचा सूर परका वाटला, तर उन्हाळाभर तो माणूस बहुधा जर्मनांना तुर्कीतल्या अंतल्याला नेत होता.

हे जमलं नाही की काय होतं? ७३७-८०० चं भाडं, वय आणि बाजार पाहून, महिन्याला साधारण दोन ते तीन लाख डॉलर. चार विमानांचे अडीच लाखांनी महिन्याला दहा लाख, आणि नोव्हेंबर ते मार्च पाच महिन्यांचे पन्नास लाख डॉलर. विमान उडो वा न उडो. देखभाल, पायलटांचे पगार, प्रशिक्षण वेगळं. म्हणजे उन्हाळ्यात मिळवायचं ते हिवाळा काढण्यासाठी. कॅबिन क्रूला एप्रिल ते ऑक्टोबर करार देऊन घरी पाठवता येतं. भाड्याच्या विमानाला घरी पाठवता येत नाही.

इथून ऑक्टोबरचं कोडं सुटतं. बुडालेल्या कंपन्यांची नावं आणि तारखा पाहा. एक्सएल: १२ सप्टेंबर २००८. मोनार्क: २ ऑक्टोबर २०१७. प्रायमेरा: १ ऑक्टोबर २०१८. सायप्रसची कोबाल्ट: १७ ऑक्टोबर २०१८. थॉमस कुक: २३ सप्टेंबर २०१९. अपवाद आहेत, गुलाबी, नारिंगी अशी रंगीत विमानं उडवणारी कोर्ट लाइन १५ ऑगस्ट १९७४ ला ऐन हंगामात कोसळली आणि जर्मेनिया फेब्रुवारी २०१९ मध्ये. पण बहुतेकांचा शेवट उन्हाळा सरताना होतो, आणि तो योगायोग नाही.

पॅकेजं स्वतःच विकणाऱ्या कंपनीचं पाहा. लोक उन्हाळ्याची सुट्टी जानेवारीत बुक करतात, उरलेले पैसे प्रवासाआधी दोन-तीन महिने भरतात. हॉटेलवाल्याला मात्र पाहुणा राहून गेल्यावर, कधी साठ, कधी नव्वद दिवसांनी पैसे जातात. म्हणजे मे-जूनमध्ये तिजोरी भरलेली दिसते, पण तिच्यातला मोठा भाग दुसऱ्याचा असतो. सप्टेंबरच्या अखेरीस उन्हाळ्याची हॉटेलांची बिलं एकदम दारात येतात आणि नवे बुकिंगचे पैसे यायला जानेवारी उजाडायची असते. त्याच सुमारास कुजबुज सुरू झाली, की क्रेडिट कार्डाचे व्यवहार करणारी बँक प्रवाशांचे पैसे एअरलाइनला द्यायचे थांबवते, ‘विमान उडाल्यावर देऊ’ म्हणते. माझ्या पाहण्यात आजारी कंपनीला खरा धक्का बसतो तो इथे. मालक अजून नवा गुंतवणूकदार शोधत असतो, आणि बँकेने नळ बंद केलेला असतो.

शेवटचा फास परवान्याचा. ब्रिटनमध्ये सुट्टीची पॅकेजं विकायला ॲटॉल नावाचा परवाना लागतो आणि मोठ्या कंपन्यांच्या परवान्यांची मुदत ३० सप्टेंबरला संपते. नागरी विमान प्राधिकरण तेव्हा वह्या तपासतं. मोनार्कला २०१७ मध्ये नव्या परवान्याऐवजी चोवीस तासांची मुदतवाढ मिळाली. ती बातमी आली तेव्हा धंद्यातल्या प्रत्येकाला कळलं की आता संपलं. २ ऑक्टोबरच्या पहाटे कंपनी बंद झाली आणि परदेशात अडकलेल्या सुमारे ८५ हजार लोकांना सरकारने विमानं भाड्याने घेऊन घरी आणलं. दोन वर्षांनी थॉमस कुकच्या वेळी हाच आकडा दीड लाखावर गेला. ट्युनिशियात एका हॉटेलने तर आपले थकलेले पैसे मिळेपर्यंत पाहुण्यांना फाटकाबाहेर सोडायलाच नकार दिला होता. त्याच हंगामात गोव्यातल्या हॉटेलांची बिलंही अडकली. गंमत अशी, की थॉमस कुकच्याच घरातली काँडॉर, गोव्याचं पहिलं चार्टर आणणारी, जर्मन सरकारच्या हमीच्या ३८ कोटी युरोंच्या कर्जावर तरली.

मोनार्कचं पाप काय होतं? बरंचसं बाहेरचं. २०१५ मध्ये ट्युनिशियात सूसच्या किनाऱ्यावर गोळीबार झाला, ऑक्टोबरअखेरीस शर्म अल-शेखहून निघालेलं रशियन विमान सिनाईवर बॉम्बने पडलं, आणि ब्रिटिश पर्यटक ट्युनिशिया, इजिप्त, तुर्कीकडे पाठ फिरवून स्पेनला धावले. सगळ्याच कंपन्यांनी विमानं स्पेनला वळवली, सीट्सचा पूर आला, दर पडले. २०१६ मध्ये ब्रेक्झिटचा कौल लागून पौंडही घसरला. प्रवासी पैसे देतो पौंडात. विमानाचं भाडं आणि इंधन डॉलरमध्ये. छोट्या कंपनीला पुढच्या वर्षाचं इंधन आणि डॉलर आधीच बांधून घ्यायला तारण लागतं आणि तेच तिच्याकडे नसतं. रशियन चार्टरचं २०१४ च्या अखेरीस झालं तेही याच जातीचं. रूबल कोसळला आणि मोरजीच्या शॅकवाल्याला मॉस्कोतली चलनाची बातमी किनाऱ्यावर बसून कळली.

त्याआधीच धंद्याचा पाया खचत होता. १९९९ च्या जुलैपासून युरोपीय संघाच्या आतल्या उड्डाणांवर ड्यूटी-फ्री विक्री बंद झाली. सिगारेट आणि व्हिस्कीच्या ट्रॉलीवर चार्टर कंपन्यांचा नफा किती अवलंबून होता हे बाहेर कुणाला पटत नाही. मग रायनएअर आणि इझीजेटने त्याच पाल्माला रोजची विमानं लावली. माणूस विमान इथून, हॉटेल तिथून घेऊ लागला, आणि आठवड्यातून एकदा शनिवारी रात्री अडीचला उडणाऱ्या विमानाची त्याला गरज उरली नाही.

तरीही टिकणाऱ्या कंपन्या आहेत, आणि टिकण्याची युक्ती एकच दिसते: विमान इतकं स्वस्त हवं की उभं ठेवलं तरी दुखू नये. लीड्सची जेट२ आधी मालवाहू कंपनी होती. २००३ मध्ये प्रवासी घेऊ लागली. तिची जुनी ७३७-३०० विमानं दिवसा माणसं न्यायची, रात्री सीट्स काढून टपाल. विमानं बहुतेक स्वतःच्या मालकीची, त्यामुळे हिवाळ्यात काही खुशाल उभी. नंतर तिने स्वतःचीच पॅकेजं विकायला घेतली आणि सीटचा धोका आणि नफा दोन्ही एकाच घरात आणले. अमेरिकेत अलीजिअंटने जुनी एमडी-८० घेऊन हेच केलं: मंगळवारी-बुधवारी प्रवासी नसतात ना, मग विमानं उडवायचीच कशाला? चकचकीत नवं विमान पाहून लोक खूश होतात. मी कंपनीची तब्येत पाहताना जुनं, फेडून झालेलं विमान पाहून खूश होतो. देखभाल चोख असेल तर विमानाच्या वयाला काही अर्थ नसतो, आणि देखभालीचे नियम छोट्यांना वेगळे नसतात.

या जगात माझी सगळ्यात आवडती कंपनी बोर्नमथची पामएअर. विमान एकच, तेही दुसऱ्याकडून चालवून घेतलेलं. स्थानिक ट्रॅव्हल एजन्सीच्या कुटुंबाची कंपनी, आणि मालक पीटर बाथ स्वतः विमानतळावर येऊन प्रवाशांना निरोप द्यायचे. ग्राहकांच्या सर्वेक्षणात ती मोठमोठ्या कंपन्यांच्या वर यायची. बोर्नमथच्या निवृत्त मंडळींना लंडनला न जाता घराजवळून उडायचं होतं आणि त्यासाठी ते चार पैसे जास्त द्यायला तयार होते. मालक गेले, गिऱ्हाईक म्हातारं होत गेलं, बाजूच्या विमानतळांवरून स्वस्त विमानं उडू लागली, आणि २०१० च्या सुमारास तीही मिटली. निदान कुणाला अडकवून नाही.

आता वडिलांचा प्रश्न. पहिलं कारण कायद्याचं: परदेशी नियमित उड्डाणं करायची तर भारतीय कंपनीला २० विमानं किंवा ताफ्याचा २० टक्के भाग देशात लावावा लागतो, यांत जे जास्त ते. हा २०१६ चा नियम. त्याआधी तर वर पाच वर्षांच्या अनुभवाचीही अट होती. म्हणजे चार विमानं घेऊन पुण्याहून फुकेतचं वेळापत्रक लावता येणार नाही. येणाऱ्या चार्टरवरही बंधनं होतीच. भारतीय पासपोर्ट असेल तर बरीच वर्षं त्यांत बसताच येत नसे, त्यामुळे लंडनमधला गोयकार आपल्याच गावी जाणाऱ्या विमानाकडे नुसता बघत राहायचा.

पण नियम उद्या बदलले तरी मला शंका आहे. ही एअरलाइन ऊन विकते, आणि नाशिकच्या माणसाला मे महिन्यात ऊन विकत घ्यायचं नसतं. त्याला मनाली किंवा काश्मीर हवं. शिवाय आपण सात रात्री एकाच किनाऱ्यावर पडून राहत नाही. आठ दिवसांत सहा गावं, सोबत टूर मॅनेजर आणि संध्याकाळी वरण-भात. केसरी किंवा वीणा वर्ल्डसारख्या कंपन्या त्यासाठी नेहमीच्या एअरलाइनवर गटाच्या सीट्स घेतात, ते त्यांना सोयीचं पडतं. आपला हंगामही तुकड्यांचा: मे, दिवाळी, नाताळ. तेवढ्यापुरती इंडिगो जादा फेऱ्या लावते आणि विषय संपतो. जवळपास जाणारं काही असेल तर गोव्याची फ्लाय९१: मार्च २०२४ पासून छोटी एटीआर विमानं, सिंधुदुर्ग, जळगाव, अगत्ती. पण ती दोन गावं वर्षभर जोडणारी कंपनी आहे, हंगामावर जगणारी नाही, आणि तिने तसंच राहावं.

आता तुमचं बुकिंग. तारीख ऑक्टोबरअखेरची, म्हणजे वर सांगितलेल्या धोक्याच्या पट्ट्यातच. तरी मी नको म्हणणार नाही, कारण ब्रिटनमध्ये पैसे वाचवायची सोय चांगली आहे, फक्त ती आपोआप लागू होत नाही. विमान आणि हॉटेल एकत्र, पॅकेज म्हणून घ्या. पैसे भरताच ॲटॉलचं प्रमाणपत्र हातात यायला हवं. त्यावरचा क्रमांक प्राधिकरणाच्या साइटवर तपासा: नाव तेच आहे का, परवाना चालू आहे का. कंपनी बुडाली तर आधी पैसे परत, आणि तिथे असताना बुडाली तर परतीची सोय, दोन्ही त्यात येतं. नुसतं विमानाचं तिकीट एअरलाइनकडून थेट घेतलं तर हे संरक्षण सहसा नसतं. मोनार्कच्या वेळी सरकारने सगळ्यांनाच आणलं, पण त्यावर विसंबू नका.

पैसे क्रेडिट कार्डाने भरा, डेबिटने नाही. शंभर पौंडांवरच्या खरेदीला १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याखाली कार्ड कंपनीही जबाबदार धरली जाते. प्रवास विम्यात ‘एअरलाइन दिवाळखोरी’ आहे का ते वाचा. बऱ्याच स्वस्त विम्यांत नसतं. आणि वडिलांना सांगा की भारतात यातलं काहीच नाही. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली तेव्हा तिकीट हातात असलेले प्रवासी घेणेकऱ्यांच्या रांगेत अगदी मागे उभे राहिले.

तीनशे पौंडांचा फरक कशामुळे आहे तेही बघून घ्या. बहुतेकदा तो वेळेचा असतो: छोट्या कंपनीचं विमान पहाटे चारला उतरतं, हॉटेलची खोली दुपारी दोनला मिळते, आणि दोन लहान मुलं घेऊन लॉबीत दहा तास काढायचे. एका जादा रात्रीचे पैसे धरले तर फरक अर्ध्यावर येतो. बॅगांचे, जेवणाचे, जवळ बसायच्या सीट्सचे पैसे वेगळे असतील तर उरलेलाही जातो. ‘ऑपरेटेड बाय’ या बारीक ओळीत दुसऱ्याच कंपनीचं नाव असेल तर तिच्याबद्दलही थोडं वाचा.

आणि निवड असेल तर दिवसाचं पहिलं विमान घ्या. ते विमान रात्रभर इथेच उभं असतं, त्याच्यामागे कुणाचा उशीर नसतो. संध्याकाळचं घेतलंत तर सकाळी पाल्माला अडकलेलं कुलूप तुमच्या वाट्याला येतं.